जिना उतरता येईल का, हे कुणी मोजलं?

गुडघ्याच्या झिजेवर, म्हणजे डॉक्टर ज्याला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात त्याच्यावर, रिसर्च नेमका कशावर होतो आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना तो कशावर झालेला हवा असतो, या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघायचं काम काही ब्रिटिश संशोधकांनी २००० साली केलं होतं. ट्रायल बघितल्या तर ८० टक्क्यांहून जास्त औषधांच्या निघाल्या. आणि पेशंटना विचारलं तर औषधांवर आणखी रिसर्च व्हावा असं म्हणणारे होते फक्त ९ टक्के. बाकीच्यांना जाणून घ्यायचं होतं की सांधा बदलायचं ऑपरेशन कधी आणि कुणाला करावं, आणि या दुखण्याबरोबर रोजचं जगायचं कसं याबद्दल कुणी नीट सांगेल का.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा आईच्या गुडघ्यांचं सगळं चालू होतं त्यामुळे असेल, पण ते डोक्यातून गेलेच नाहीत. कारण आईचे प्रश्न अगदी हेच होते. जिना चढता येतो पण उतरताना पाय थरथरतो त्याचं काय करायचं, रात्री कूस बदलताना जाग येते ती येऊ नये म्हणून कसं झोपायचं, चालावं की चालू नये, चालल्याने झीज वाढते का. साधे प्रश्न आहेत. पण तपासणीच्या त्या पाच-सात मिनिटांत एक्स-रे बघितला जायचा, गोळी बदलली जायची, आणि हे प्रश्न तसेच घरी परत यायचे. डॉक्टर वाईट होते असं अजिबात नाही, बाहेर रांग लागलेली असायची आणि त्यांच्या हातात जे होतं ते ते देत होते. पण त्यांच्या हातात गोळीच का होती, याचं उत्तर त्या ८० टक्क्यांत आहे असं मला तेव्हापासून वाटतं.

मग कुणीतरी सुचवलं म्हणून आई सुया टोचणाऱ्या एका थेरपिस्टकडे जायला लागली, म्हणजे ॲक्युपंक्चर. पहिल्या दिवशी त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, अगदी झोपेपासून ते तिला कशाची काळजी वाटते इथपर्यंत, गुडघ्याला हात लावून बघितलं, मधे एकदाही तोडलं नाही. आणि आईला बरं वाटायला लागलं. खरंच वाटायला लागलं, ती मुद्दाम आम्हाला खूश करायला बोलत नव्हती.

आता यावर घरात जो वाद व्हायचा तोच बाहेर सगळीकडे चालू असतो. एका बाजूचे म्हणतात हे सगळं थोतांड, दुसऱ्या बाजूचे म्हणतात फरक पडला ना मग झालं. मला दोन्ही उत्तरं घाईची वाटतात, कारण या प्रश्नावर लोकांनी खूप कष्टाने काम केलेलं आहे आणि ते वाचलं की चित्र जास्त गुंतागुंतीचं आणि मला तरी जास्त उपयोगी वाटतं.

जर्मनीत हजाराहून जास्त गुडघेदुखीच्या पेशंटवर एक मोठी ट्रायल झाली, २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. तीन गट केले होते. एका गटाला पारंपरिक पद्धतीने योग्य जागी सुया, दुसऱ्याला खोट्या, म्हणजे भलत्याच जागी आणि वरवर टोचलेल्या सुया, आणि तिसऱ्याला नेहमीचे डॉक्टरी उपचार. सहा महिन्यांनी चांगला फरक पडलेले पेशंट पहिल्या गटात साधारण ५३ टक्के, दुसऱ्यात ५१ आणि तिसऱ्यात २९. हे आकडे जरा थांबून बघा. सुईचा बिंदू कुठला, त्यातून कुठली ऊर्जा वाहते वगैरे जो सगळा सिद्धांत आहे तो या ट्रायलमध्ये टिकला नाही, कारण भलतीकडे टोचूनही जवळजवळ तेवढाच फरक पडला. पण त्याच वेळी नेहमीचे उपचार घेणारे या दोन्ही गटांच्या खूप मागे राहिले. म्हणजे पेशंटला काहीतरी मिळत होतं आणि ते सुईच्या जागेत नव्हतं. वेळ, स्पर्श, अपेक्षा, कुणीतरी नियमितपणे आपल्याकडे लक्ष देतंय याचा परिणाम, यातलं नक्की काय आणि किती ते सांगणं कठीण आहे, पण यातून मला लागलेला अर्थ असा की सिद्धांत चुकीचा असूनही पेशंटला खरा दिलासा मिळू शकतो. आणि त्या २९ टक्क्यांकडे बघून डॉक्टरांनी आपण काय देत नाही आहोत असा प्रश्न स्वतःला विचारायलाच हवा.

पण इथे थांबलं तर मोठी गफलत होते, आणि ती कुठे होते हे दाखवणारा अभ्यास २०११ चा आहे. दम्याच्या पेशंटवर. प्रत्येक पेशंटला आळीपाळीने चार गोष्टी दिल्या: खरं औषध असलेला इनहेलर (साल्ब्युटामॉल), रिकामा इनहेलर, खोट्या सुया, आणि काहीच नाही, नुसतं थांबायचं. मग विचारलं की किती बरं वाटतंय. खऱ्या इनहेलरला लोकांनी सुमारे ५० टक्के सुधारणा सांगितली, रिकाम्याला ४५, खोट्या सुयांना ४६, आणि काहीच न करण्याला २१. इथवर बघितलं तर तिन्ही उपचार सारखेच. पण मग फुंकर मारायच्या यंत्रावर फुप्फुसांची ताकद मोजली. खऱ्या औषधाने २० टक्के सुधारणा, आणि बाकी तिन्हींना, अगदी नुसतं बसून राहण्यालासुद्धा, साधारण ७ टक्केच. पेशंट खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच मोकळं वाटत होतं. पण छातीतल्या नळ्या आखडलेल्याच होत्या.

मला हा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो. गुडघ्याच्या दुखण्यात पेशंटला कसं वाटतंय हेच जवळजवळ सगळं असतं, दुखणं कमी वाटलं म्हणजे ते कमी झालंच. दम्यात तसं नाही. मोकळं वाटलं म्हणून औषधाला उशीर झाला तर माणूस जीव गमावू शकतो. आणि कॅन्सरमध्ये तर त्याहून नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नोंदींवरून एक अभ्यास आला, ज्यात न पसरलेला, म्हणजे बरा होण्याची चांगली शक्यता असलेला कॅन्सर होऊनही ज्यांनी फक्त पर्यायी उपचार निवडले अशा २८१ लोकांची तुलना नेहमीचे उपचार घेतलेल्यांशी केली होती. मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर पाच पटीहून जास्त. हा नोंदींवरून केलेला अभ्यास आहे, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, त्यामुळे नेमक्या पटीवर कुणी वाद घालू शकेल, पण दिशेवर वाद घालायला जागा नाही. स्तनाचा कॅन्सर वेळेत सापडलेली बाई उपचारांनी अनेक वर्षं जगू शकते आणि तिला जो माणूस ऑपरेशनची गरज नाही असं सांगतो, त्याचा हेतू कितीही चांगला असो, तो तिच्या आयुष्याशी खेळतोय असंच मी म्हणेन.

आता दुसऱ्या बाजूबद्दलही तेवढंच स्पष्ट बोललं पाहिजे, कारण आधुनिक वैद्यकाने आपल्या घरातली तपासणी नेहमी स्वखुशीने केली असं मुळीच नाही.

गुडघ्याचंच घ्या. दुर्बीण घालून सांधा धुवायचा, आतला खरखरीत भाग साफ करायचा, हे ऑपरेशन वर्षानुवर्षं प्रचंड प्रमाणात होत होतं. २००२ मध्ये अमेरिकेत एका सर्जनने १८० पेशंटवर ते तपासलं, आणि त्यात एका गटाला नुसत्या कातडीला चिरा देऊन टाके घातले होते, आत काहीच केलं नव्हतं. पेशंटना हे आधी सांगितलेलं होतं की तुम्हाला खोटं ऑपरेशन होऊ शकतं, आणि त्यांनी त्यावर सही केली होती. दोन वर्षं पाठपुरावा केला. खऱ्या ऑपरेशनवाल्यांना खोट्या ऑपरेशनवाल्यांपेक्षा दुखण्यात किंवा हालचालीत काही फायदा दिसला नाही. खोट्या सुईला हसणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल वाचावा असं मला वाटतं. आणि त्या सर्जनबद्दल मला मनापासून आदर आहे, कारण स्वतः करत असलेलं काम फोल ठरू शकेल अशी परीक्षा त्याने स्वतः लावली. वैद्यकातली नीतिमत्ता म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर शपथ वगैरे येत नाही, ही परीक्षा येते.

याहून भयंकर उदाहरण हृदयाचं. हार्ट अटॅकनंतर काहींच्या हृदयात मधेच जास्तीचे ठोके पडतात, असे ठोके पडणारे लोक जास्त मरतात हे माहीत होतं, आणि ते ठोके दाबणारी औषधं होती. म्हणजे औषध द्या, ठोके थांबतील, माणूस वाचेल, तर्क इतका सरळ की ट्रायल कशाला असंच बऱ्याच डॉक्टरांना वाटत होतं, काहींना तर निम्म्या पेशंटना नुसती साखरेची गोळी देणं अनैतिक वाटत होतं. तरीही ट्रायल झाली. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड घेणाऱ्यांचे ठोके ठरल्याप्रमाणे दबले, ईसीजी सुंदर दिसायला लागला, आणि माणसं मेली. १४९८ पेशंटपैकी औषधाच्या गटात ६३ मृत्यू, साखरेच्या गोळीच्या गटात २६. ट्रायलचा हा भाग १९८९ मध्ये मधेच थांबवावा लागला. शिकलेले, अनुभवी, पेशंटचं भलं चिंतणारे डॉक्टर हे औषध देत होते. "माझ्या पेशंटना फरक पडतो, मी डोळ्यांनी बघितलंय" हे वाक्य कुठल्याही पॅथीच्या माणसाने उच्चारलं की मला या ६३ आणि २६ ची आठवण येते.

आणि जिथे पैसा मधे येतो तिथे तर हेतूसुद्धा स्वच्छ राहत नाही. रोफेकॉक्सिब नावाची सांधेदुखीची गोळी १९९९ मध्ये आली, पोटाला कमी त्रास म्हणून जगभर खपली, आणि हार्ट अटॅकचा धोका वाढतो म्हणून सप्टेंबर २००४ मध्ये बाजारातून काढावी लागली. धोक्याची खूण त्याआधीच्या आकड्यांतही दिसत होती. पॅरोक्सेटिन या डिप्रेशनच्या औषधाचा किशोरवयीन मुलांवरचा एक अभ्यास २००१ मध्ये "परिणामकारक आणि सुरक्षित" म्हणून छापून आला, आणि मूळ नोंदी उघडून २०१५ मध्ये दुसऱ्या टीमने परत तपासला तेव्हा औषध परिणामकारकही दिसलं नाही आणि सुरक्षितही नाही, आत्महत्येचे विचार आणि प्रयत्न औषधाच्या गटात वाढलेले होते. चौदा वर्षं. या काळात किती डॉक्टरांनी तो पेपर विश्वासाने वाचून मुलांना गोळ्या लिहून दिल्या असतील, आणि त्यात त्यांचा काय दोष, त्यांना तेच वाचायला दिलं होतं. म्हणून ट्रायलचा निकाल लपवणं हा मला पेशंटला चुकीचं औषध देण्याइतकाच गुन्हा वाटतो, फक्त इथे हजारो पेशंट एकाच वेळी असतात आणि देणाऱ्याला त्यांचे चेहरे दिसत नाहीत.

पण लपवणं ही निदान उघडी पडू शकणारी गोष्ट आहे. जे शोधलंच गेलं नाही ते कसं उघडं पडणार? रिसर्च कशावर करायचा हे ठरवणं हा नीतिमत्तेचा प्रश्न आहे असं आपण सहसा म्हणत नाही, तो पैशाचा, पेटंटचा, बाजाराचा प्रश्न मानतो. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायला एक औषध पुरेसं आहे.

आफ्रिकेत झोपेचा आजार म्हणून ओळखला जाणारा एक रोग आहे, त्सेत्से माशीच्या चावण्यातून होणारा, जंतू मेंदूत शिरले की माणूस भ्रमिष्ट होतो, आणि उपचार नाही मिळाले तर मरतो. त्या टप्प्यावर बराच काळ मुख्य औषध होतं मेलार्सोप्रॉल, आर्सेनिकपासून केलेलं, आणि ते घेणाऱ्या साधारण ५ टक्के पेशंटना ते औषधच मारायचं. एफ्लॉर्निथिन नावाचं त्याहून कितीतरी सुरक्षित औषध सापडलं, १९९० मध्ये त्याला अमेरिकेत मान्यताही मिळाली, पण ज्यांना हवं होतं त्यांच्याकडे पैसे नव्हते त्यामुळे नव्वदच्या दशकात त्याचं उत्पादन बंद पडलं. आणि मग कळलं की तोच पदार्थ क्रीममधून लावला तर बायकांच्या चेहऱ्यावरचे नको असलेले केस कमी येतात. २००० मध्ये त्या क्रीमला मान्यता मिळाली. बाजार मिळाला. त्यानंतर डॉक्टरांच्या संघटनांनी आणि जागतिक आरोग्य संघटनेने जोर लावला आणि २००१ मध्ये झोपेच्या आजारासाठी त्याचा पुरवठा करायचा करार झाला. चेहऱ्यावरच्या केसांचा त्रास खोटा आहे असं मी म्हणत नाही, पण एक मरणारा माणूस आणि एक क्रीम यांच्यात क्रीम आधी जिंकलं, आणि त्या माणसाला औषध मिळायला त्या क्रीमची मदत झाली, हे वाचून मला आजही राग येतो.

बदल होऊ शकतो हेही त्याच रोगात दिसलं. नफ्यासाठी काम न करणारी एक संस्था २००३ मध्ये उभी राहिली, डीएनडीआय, त्यांनी एका कंपनीने ऐंशीच्या दशकात सोडून दिलेलं फेक्सिनिडॅझोल नावाचं रसायन शोधून काढलं, आणि २०१८ मध्ये त्याच्या गोळ्यांना युरोपच्या औषध यंत्रणेने हिरवा कंदील दाखवला. दहा दिवस तोंडाने घ्यायच्या गोळ्या. रसायन नवं नव्हतंच, फक्त ते कुणासाठी तपासायचं हे ठरवणारे लोक बदलले.

इथे पर्यायी उपचारवाल्यांचा एक मुद्दा मी मान्य करते. ते म्हणतात वनस्पतीवर पेटंट मिळत नाही म्हणून तिच्यावर कुणी पैसा लावत नाही. बरोबर आहे. व्यायामावरही पेटंट मिळत नाही, चांगल्या झोपेवर नाही, पेशंटशी वीस मिनिटं बोलण्यावर तर नाहीच. पण पुढे ते म्हणतात की म्हणून आमच्याकडून पुरावा मागू नका, तिथे मी त्यांच्यासोबत नाही. कारण वनस्पतीवर जिवापाड मेहनत घेऊन काय करता येतं ते थू यूयू या चिनी शास्त्रज्ञ बाईंनी करून दाखवलंय. मलेरियावरचं औषध शोधायला त्यांची टीम जुने ग्रंथ चाळत होती, त्यात चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात एक ओळ होती, की चिंगहाव ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तो रस प्यावा. उकळून असं नव्हतं लिहिलेलं. त्यावरून त्यांना सुचलं की उष्णतेने गुण नष्ट होत असेल, म्हणून त्यांनी ईथर वापरून कमी तापमानाला अर्क काढला, प्राण्यांवर तपासला, मग स्वतः आणि सहकाऱ्यांनी घेऊन बघितला, आणि त्यानंतर पेशंटना दिला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं आणि २०१५ मध्ये नोबेल. परंपरेचा अभिमान असणारे ही गोष्ट हमखास सांगतात, पण ती जुनी ओळ जशीच्या तशी मानली असती तर हे घडलंच नसतं, तिला प्रश्न विचारला म्हणून घडलं. आणि आज त्याच वनस्पतीचा चहा मलेरियावर घेऊ नका असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, कारण त्यात औषधाचं प्रमाण कमी-जास्त असतं आणि अपुऱ्या मात्रेने रोग उलटतो, जंतूही निर्ढावतात.

नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी, हा समज तर खरोखर घातक आहे. बेल्जियममध्ये नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करायच्या एका क्लिनिकमध्ये बायकांना चिनी वनस्पतींच्या गोळ्या दिल्या जात होत्या, त्यात एका वनस्पतीच्या जागी ॲरिस्टोलोकिया नावाची दुसरीच वनस्पती गेली, आणि शंभराहून जास्त बायकांच्या किडन्या खराब झाल्या, त्यातल्या अनेकींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीनतेवर घेतली जाणारी वनस्पती, हृदय बदललेल्या दोन पेशंटनी ती घेतली आणि तिच्यामुळे त्यांच्या रक्तातलं सायक्लोस्पोरिन, म्हणजे शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिलं जाणारं औषध, इतकं उतरलं की शरीराने नवं हृदय नाकारायला सुरुवात केली. २००० साली हे छापून आलं. वनस्पतीत काही दम नसता तर हे झालंच नसतं, दम असतो म्हणूनच तर विचारायचं की किती, कुणाला, कशाबरोबर.

आणि पेशंट हे सांगत नाहीत. डॉक्टर रागावतील म्हणून. आईनेही सांगितलं नव्हतं की सुयांबरोबर तिला एक पावडरही मिळते, ज्यावर नाव-गाव काही नाही. पर्यायी थेरपिस्टने पुडीत काय आहे हे लिहून न देणं जेवढं चूक, तेवढंच डॉक्टरने अशी हवा तयार करणं चूक की समोरचा माणूस घाबरून लपवेल. मग नुकसान कुठल्याच पॅथीचं होत नाही, ते त्या माणसाच्या किडनीचं होतं.

म्हणून नंतर जे डॉक्टर भेटले त्यांच्याबद्दल लिहायलाच हवं. बाई तरुण होत्या. त्यांनी गुडघ्याआधी विचारलं, "काकू, यापलीकडे अजून काय काय घेता? काहीही असू दे, मी रागावणार नाही, फक्त मला माहीत हवं." आईने माझ्याकडे बघितलं आणि मग पावडरचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, लेक्चर दिलं नाही. म्हणाल्या, सुयांनी बरं वाटतंय तर जात राहा, स्वच्छ सुया वापरतात एवढं बघा, पावडर मात्र बंद करू कारण त्यात काय आहे ते मलाही माहीत नाही आणि त्यांनीही तुम्हाला सांगितलेलं नाही, आणि किडनी ठीक आहे ना हे बघायला रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घेऊ. मग मांडीच्या स्नायूंचे व्यायाम स्वतः करून दाखवले, ज्यांना गुडघेदुखीत चांगला पुरावा आहे, आणि झीज पूर्ण भरून येणार नाही हेही सांगितलं. शेवटी आईने तो जिन्याचा प्रश्न विचारला. त्यांनी तिला बाहेरच्या जिन्यापाशी नेलं आणि उतरताना दुखरा पाय आधी खाली टाकायचा, हात कठड्यावर, हे चार पायऱ्या तिच्याबरोबर उतरून शिकवलं, आणि पुढच्या वेळी आलात की किती जमतंय ते मी लिहून ठेवणार आहे म्हणाल्या.